शॉवरला बसलेला क्षार काढायचा कसा

जुळे सोलापुरातल्या एका ताईंनी विचारलंय: घर तसं नवंच आहे, बाथरूममध्ये क्रोमचा गोल ओव्हरहेड शॉवर आणि एक हँड शॉवर आहे. नळाला पाणी येतं त्या दिवशी टाकी भरते, मधल्या दिवसांत बोअरचं पाणी चढवावं लागतं. आता ओव्हरहेडची निम्मी भोकं बंद झालीत आणि उरलेल्यांतल्या काही धारा खाली न पडता भिंतीवर जातात. शेजारीण म्हणते बाथरूम धुवायचं ॲसिड लावा, दुकानदार म्हणतो नवा घ्या. करावं काय, आणि घराला पाण्याचा जडपणा कमी करणारा सॉफ्टनर बसवावा का?

ताई, ॲसिडही नको आणि नवा शॉवरही नको. किराणा दुकानातलं विनेगर किंवा लिंबूसत, एक जुना टूथब्रश आणि दोन-तीन तास एवढ्यावर तुमचं काम भागावं. मी सोलापुरात प्लंबिंगचं काम करतो. ‘शॉवर गेला’ म्हणून जे बोलावणं येतं त्यात शॉवर खरोखर गेलेला क्वचितच असतो. पण भिजत घालायच्या आधी क्षार नेमका कुठे अडकलाय ते बघून घ्या. नाहीतर बाहेरून शॉवर लखलखीत होईल आणि पाणी तसंच बारीक येत राहील.

आधी गार पाणी पूर्ण सोडून बघा, मग फक्त गरम. गार जोरात येतंय आणि गरमच बारीक, असं असेल तर अडथळा शॉवरमध्ये नाही, गीझरकडे आहे. दोन्ही सारखंच बारीक असेल तर शॉवर काढा आणि भिंतीतून आलेल्या नुसत्या नळीतून पाणी सोडा. नळीतून भरपूर पाणी पडलं तर दोष शॉवरचा. नळीतूनही करंगळीएवढीच धार आली तर मागे बघावं लागेल: डायव्हर्टर (पाणी शॉवरकडे किंवा नळाकडे वळवणारा भाग), अँगल कॉक (भिंतीलगतचा पाणी बंद करायचा छोटा कॉक), किंवा नळाचा स्पिंडल (नळाच्या आतला फिरणारा दांडा). मंगळवार पेठ, साखर पेठ या बाजूच्या जुन्या घरांत जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे, पाइपच आतून गंजून आणि क्षार धरून अरुंद झालेले असतात. तिथे शॉवर कितीही धुतला तरी उपयोग नाही. आणखी एक म्हणजे टाकी शॉवरपेक्षा किती उंच आहे तेही बघा. दहा मीटर उंचीला साधारण एक किलोचा (दर चौरस सेंटीमीटरला) दाब मिळतो. बैठ्या घराच्या गच्चीवर नुसती टेकवलेली टाकी शॉवरपेक्षा दीड-दोन मीटरच वर असते, म्हणजे पाव किलोसुद्धा दाब नाही. अशा दाबावर मोठा ताटाएवढा शॉवर नवा असतानाही ठिबकल्यासारखाच चालतो, त्यात क्षाराचा दोष नाही.

तुमच्या वर्णनावरून मात्र दोष शॉवरच्या तोंडाशीच आहे. धारा आडव्या जातात ही त्याची पक्की खूण. भोकाच्या कडेला एका बाजूने क्षार धरला की धार दुसऱ्या बाजूला फेकली जाते.

हा क्षार येतो कुठून ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचा सगळा उपाय त्यावरच आहे. पावसाचं पाणी जमिनीत मुरताना हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन जातं, त्यामुळे ते किंचित आंबट होतं आणि वाटेतला चुना विरघळवत खाली उतरतं. आपल्याकडे काळ्या मातीखाली ठिकठिकाणी चुनखड लागते, त्याखाली मुरूम, मग काळा पाषाण. बोअरचं पाणी हे सगळं पोटात घेऊनच वर येतं. नळाला येणारं उजनी धरणाचं पाणी नदीचं, त्या मानाने हलकं, म्हणजे कमी चुन्याचं. पाणी वाहतं असेपर्यंत हा चुना विरघळलेलाच राहतो आणि कुणाला दिसत नाही. पाणी तापलं किंवा वाळलं की तो कॅल्शियम कार्बोनेट होऊन बाहेर पडतो. शॉवर बंद केल्यावर प्रत्येक भोकाच्या तोंडाशी एक थेंब लोंबत राहतो. तो पडत नाही, जागीच वाळतो आणि आपला चुना तिथेच ठेवून जातो. म्हणजे आंघोळ करताना वाहून गेलेलं पाणी शॉवरला फारसं काही करत नाही. बंद केल्यावर आत उरलेलं पाणी शॉवर बुजवतं. एप्रिल-मेच्या उन्हात तर तो थेंब बघता बघता वाळतो, आणि नेमके त्याच दिवसांत टाकीत बोअरचं पाणी जास्त असतं. उन्हाळा संपता संपता शॉवर बंद पडल्याच्या तक्रारी वाढतात त्या यामुळे.

आता प्रत्यक्ष काम. शॉवरच्या तोंडावर मऊ रबरी दाणे असतील, हल्ली बहुतेकांना असतात, तर पहिलं काम विनेगरचं नाही, अंगठ्याचं. शॉवर कोरडा असताना प्रत्येक दाणा अंगठ्याने दाबून गोल चोळा. आतून पांढरे कण सुटून टपटप खाली पडतात. थोडा गरम पाण्याचा फवारा मारून परत चोळा. थर पातळ असेल तर इथेच निम्म्याहून जास्त भोकं मोकळी होतात आणि पुढचं काही करावंही लागत नाही. भोकं कडक प्लॅस्टिकची किंवा स्टीलच्या पत्र्यात पाडलेली असतील तर मात्र भिजवण्याला पर्याय नाही. सुई, टाचणी, खिळा यातलं काही घालू नका. वरून टोचलं की खडा आत ढकलला जातो आणि शॉवरच्या पोटात बसतो. शिवाय भोकाची कड चरली की धार कायमची वाकडी होते.

भिजवण्याआधी शॉवर भांडी घासायच्या साबणाने धुवून घ्या. ही पायरी बहुतेक जण गाळतात. आंघोळीच्या साबणाचा आणि जड, म्हणजे जास्त चुन्याच्या, पाण्याचा मिळून एक चिकट राखाडी मळ होतो. तो क्षारावर बसलेला असेल तर आंबट द्रावण खालपर्यंत पोचतच नाही. मग लोक म्हणतात, विनेगरने काही होत नाही.

शॉवर जागेवरच ठेवून करायचं असेल तर जाडसर प्लॅस्टिक पिशवीत विनेगर घ्या, शॉवरचं तोंड पूर्ण बुडेल अशी ती खालून चढवा आणि वर रबरबँडने किंवा सुतळीने घट्ट बांधा. विनेगरमध्ये पाणी घालू नका. किराणा दुकानातल्या बाटलीत मुळातच चार-पाच टक्केच आम्ल असतं. ओव्हरहेड शॉवर मोठा आणि चपटा असेल तर पिशवी जड होऊन घसरते. तिथे खाली स्टूल ठेवून त्यावर पसरट टब ठेवता आला तर बघा, पण माझं मत विचाराल तर असा शॉवर काढूनच धुवावा.

काढताना एक गोष्ट सांभाळा. भिंतीतून आलेली वाकडी नळी, आम्ही तिला शॉवर आर्म म्हणतो, ती भिंतीतल्या एल्बोच्या, म्हणजे काटकोनी जोडाच्या, आट्यांत फिरवून बसवलेली असते. शॉवर घट्ट झाला असेल आणि तुम्ही नुसताच पान्हा लावून जोर केला तर शॉवरऐवजी ती नळी फिरते, आतला सांधा सुटतो आणि भिंतीच्या आत गळती सुरू होते. ती लगेच कळत नाही. काही दिवसांनी पलीकडच्या खोलीत रंगाचे पोपडे निघाले की कळते, आणि मग टाइल फोडावी लागते. म्हणून एका हाताने आर्म घट्ट धरा, दुसऱ्या हाताने शॉवर फिरवा. पान्हा लावायचाच असेल तर नटावर जुन्या फडक्याच्या दोन घड्या गुंडाळा, क्रोमला ओरखडा येणार नाही. खालून बघताना घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरवायचा. हलतच नसेल तर जोड विनेगरच्या फडक्याने अर्धा तास लपेटून ठेवा. आट्यांतही क्षारच धरलेला असतो.

शॉवर हातात आला की त्याच्या मागच्या तोंडात बघा. तिथे रबरी वॉशर आणि त्यामागे छोटी गोल जाळी असते. ती चिमट्याने अलगद बाहेर काढा. गीझरमध्ये सुटलेल्या खपल्या, टाकीतली रेती, पाइप जोडताना राहिलेले टेफ्लॉन टेपचे (आट्यांवर गुंडाळायच्या पांढऱ्या पट्टीचे) तुकडे, सगळं या जाळीवर येऊन थांबतं. जाळीच गच्च भरली असेल तर तोंडाची भोकं कितीही साफ केली तरी दाब येणार नाही. वॉशर वेगळा ठेवा, आम्लात टाकू नका. तोंडाच्या मधोमध स्क्रू असेल तर तो काढून तबकडी उघडता येते आणि आतून घासता येतं. स्क्रू नसेल तर कडेने उचकटायचा प्रयत्न करू नका, खाचा तुटतात.

काढून धुताना मला विनेगरपेक्षा लिंबूसत बरं वाटतं. वास येत नाही आणि स्वस्तही पडतं. एक लिटर कोमट पाण्यात साधारण ५० ग्रॅम, म्हणजे पोह्याचे चार चमचे भरून. प्लॅस्टिकच्या टबात करा, ॲल्युमिनियमच्या पातेल्यात नाही. पाणी कोमटच हवं. उकळत्या पाण्यात घट्ट द्रावण केलं तर विरघळलेला चुना पांढरी भुकटी होऊन परत शॉवरवरच बसतो. शॉवर तोंड खाली करून बुडवा, जाळीही त्यातच टाका. लगेच बारीक बुडबुडे यायला लागतील. चुना विरघळताना कार्बन डायऑक्साइड सुटतो, तेच ते. बुडबुडे थांबले की बोट फिरवून बघा. भोकाशी अजून खरखरीत लागत असेल तर चुना संपलेला नाही, द्रावणाची ताकद संपली आहे. ते ओतून द्या, नवीन करा. क्रोमच्या शॉवरला एका वेळी अर्धा-पाऊण तास ठेवा, बघा, लागलं तर परत. रात्रभर विनेगरमध्ये ठेवा असं सर्रास सांगितलं जातं, त्याची गरज नाही. मुलामा कुठे सुटलेला असेल तर तिथून आम्ल आत शिरतं.

बुडबुडे अजिबात आलेच नाहीत तर तो थर चुन्याचा नाही. पिवळट-तांबूस असेल तर गंज आहे, जीआय पाइपमधून किंवा बोअरच्या पाण्यातल्या लोहाने आलेला. तो लिंबूसताने हळूहळू निघतो पण वेळ घेतो. वाळू असेल तर आम्लाचा संबंधच नाही, उलट बाजूने पाण्याचा जोर द्यावा लागतो. तेच शेवटी प्रत्येकाने करायचं असतं: शॉवरचं तोंड वर करून नळाखाली धरा, म्हणजे पाणी भोकांतून उलटं आत जाईल आणि सुटलेले कण मागच्या तोंडातून बाहेर पडतील. मग टूथब्रशने तोंड घासा. एखादं भोक अजून अडलं असेल तर आता लाकडी टूथपिक चालेल, खडा मऊ झालेला असतो.

परत बसवण्याआधी नुसत्या आर्ममधून पाणी दहा सेकंद जोरात सोडा, बादली खाली धरा. आर्ममध्ये सुटलेल्या खपल्या इथेच निघून जाऊ द्यात, नाहीतर नुकत्याच धुतलेल्या जाळीवर त्या पहिल्याच दिवशी येऊन बसतील. जिथे रबरी वॉशर आहे तिथे गळती वॉशरच थांबवतो, हाताने घट्ट केलं की पुरे. वॉशर कडक झाला असेल तर बदला, हार्डवेअरच्या दुकानात चिल्लर पैशांत मिळतो. नुसते आटे असतील तिथे टेफ्लॉन टेपचे पाच-सहा वेढे, आट्यांच्या टोकाकडून बघताना घड्याळाच्या दिशेने. उलटे गुंडाळले तर शॉवर फिरवताना टेप सुटून येतो.

आता शेजारणीचं ॲसिड. बाथरूम धुवायला बाटलीत मिळतं ते हायड्रोक्लोरिक आम्ल. टॉयलेट क्लीनरमध्येही बहुधा तेच असतं. क्षार त्याने निघतो यात वाद नाही, एका मिनिटात निघतो. पण क्रोमचा थर केसापेक्षा कितीतरी पातळ असतो, त्याखाली निकेल आणि त्याखाली पितळ किंवा प्लॅस्टिक. ॲसिड क्षाराशी थांबत नाही. पहिल्या वेळी शॉवर चकाकतो, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी काळपट ठिपके पडतात, मग खालचं पिवळं पितळ दिसायला लागतं. प्लॅस्टिकवरचा मुलामा तर पापुद्र्यासारखा सुटतो. स्टेनलेस स्टीलही यातून सुटत नाही, त्याला बारीक खड्डे पडतात. काळ्या मॅट किंवा सोनेरी शॉवरचं काम आणखी नाजूक. होटगी रोडला एका घरी काळा शॉवर असाच ॲसिडने पुसलेला पाहिला. क्षार गेला होता आणि काळा रंगही. तबकडीवर राखाडी ढग उमटले होते. त्यावर उपाय नाही. अशा शॉवरला साबणाचं पाणी आणि अंगठा, फार झालं तर निम्मं पाणी घातलेलं विनेगर पाच मिनिटं लावून लगेच धुवायचं.

शिवाय ॲसिड कधीही ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचच्या द्रावणासोबत वापरू नका, एकापाठोपाठ एकही नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. विनेगर आणि ब्लीचचंही तेच.

फरशीकडेही लक्ष द्या, हे खास आपल्या भागासाठी सांगतो. कित्येक घरांत बाथरूमला शहाबादी किंवा कडप्पा असतो. हे दोन्ही चुनखडीचेच दगड, म्हणजे जो पदार्थ शॉवरवरून काढायचा आहे जवळजवळ त्याचीच फरशी. ॲसिड तर सोडाच, विनेगर सांडून राहिलं तरी पॉलिश जातं आणि खरबरीत पांढरा डाग पडतो. संगमरवराचंही तसंच. पिशवी बांधण्याआधी खाली रिकामा टब ठेवा, आणि वापरलेलं द्रावण फरशीवर न ओतता भरपूर पाण्यासोबत थेट मोरीच्या जाळीत सोडा.

विनेगरमध्ये खाण्याचा सोडा घालायचा सल्ला व्हिडिओंत फार दिसतो. फेस छान येतो, पण तो फेस म्हणजे सोडा आणि आम्ल एकमेकांना संपवत असतात. क्षारासाठी उरतं ते खारट पाणी. चिंचही वापरतात, आणि पितळेच्या नळाला ती खरोखर चांगली, पण शॉवरच्या भोकांत तिचे धागे अडकतात ते काढताना नाकी नऊ येतात. अर्धं लिंबू नळाच्या बुडाशी चोळायला उत्तम, शॉवर बुडवायला मात्र किती लिंबं पिळणार?

पुन्हा क्षार धरू नये म्हणून एवढंच करा: आंघोळ झाली की शॉवरच्या तोंडावरून टॉवेल फिरवा. सोलापुरात टॉवेलला काय तोटा! लोंबणारे थेंब टिपले की वाळायला काही उरत नाही. हँड शॉवर हुकावर अडकवण्याआधी तोंड खाली करून झटका. बोअरचं पाणी जास्त वापरता त्या महिन्यांत पंधरवड्यातून एकदा रबरी दाणे चोळा. गीझरचा काटा अगदी शेवटपर्यंत फिरवून ठेवला असेल तर थोडा मागे घ्या, पाणी जितकं जास्त तापतं तितका चुना गीझरच्या कॉइलवर बसतो आणि त्याच्याच खपल्या पुढे जाळीत येतात. गीझर उघडून साफ करायचं काम मात्र घरी करू नका, ते सर्व्हिसवाल्याकडून करून घ्या आणि टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेला मॅग्नेशियमचा रॉड शिल्लक आहे का तेही त्याला बघायला सांगा.

सॉफ्टनरचं विचारलंत. आधी पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यातला चुना-मॅग्नेशियम, मोजून घ्या, नळाचं वेगळं आणि बोअरचं वेगळं. टीडीएस मीटर दाखवून सॉफ्टनर विकणाऱ्यावर जाऊ नका. तो मीटर पाण्यात एकूण किती क्षार आहेत त्याचा अंदाज देतो, त्यातला चुना-मॅग्नेशियम किती ते सांगत नाही. जडपणासाठी थेंब टाकून रंग बघायचं किट मिळतं किंवा प्रयोगशाळेत नमुना देता येतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, जडपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलीग्रॅम आहे आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलं जातं. तुमच्या बोअरचा आकडा या दुसऱ्या मर्यादेच्या आसपास किंवा पुढे असेल आणि वर्षभर तेच पाणी वापरत असाल, तर रेझिनचा (बारीक प्लॅस्टिकसारख्या दाण्यांचा) सॉफ्टनर खरंच उपयोगी आहे. त्यातलं रेझिन कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम देतं. ते भरलं की मिठाच्या पाण्याने धुवून परत तयार करावं लागतं. मीठ घालणं विसरलात तर तो नुसता पाणी जाण्याचा डबा. धुतलेलं खारट पाणी झाडांना घालू नका, आणि पिण्याची लाइन सॉफ्टनरच्या आधीच वेगळी काढा, विशेषतः घरात ब्लडप्रेशरचं कुणी असेल तर. शॉवरच्या मानेला लावायचे छोटे फिल्टर मिळतात ते बहुतेक क्लोरीनसाठी असतात, जडपणा त्यांनी कमी होत नाही.

पण तुमच्याकडे नळाचं पाणी येतं, फक्त रोज येत नाही. अशा घराला मी सॉफ्टनरआधी दुसरी टाकी सुचवतो. बोअरचं पाणी वेगळ्या टाकीत घ्या आणि ती फक्त संडास, अंगण, गाडी धुणं याला जोडा. नळाचं पाणी स्वयंपाकघर, गीझर आणि शॉवरला. घरातलं बरंचसं पाणी या धुण्या-फ्लशमध्येच जातं, त्यामुळे नळाची टाकी पुढचं पाणी येईपर्यंत पुरण्याची शक्यता बरीच वाढते. खर्च एका टाकीचा आणि थोड्या पाइपचा. फक्त दोन्ही टाक्या एका पाइपने जोडून मध्ये व्हॉल्व्ह ठेवू, लागेल तेव्हा उघडू, असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. तो व्हॉल्व्ह एकदा उघडला की बंद करायचं कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि बोअरचं पाणी परत शॉवरला यायला लागतं.